लाल रक्त, काळं रक्त

आमच्या घरची कुत्री मामंजींची होती, पण ते तसं कधी कबूल करायचे नाहीत. मामंजी म्हणजे माझे सासरे. दिंडोरीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि सामान बैलगाडीत घालून नाशकाला राहायला आले, तेव्हा ही गाडीच्या मागून चालत आली. "मी आणली नाही, ती आली," एवढंच ते सांगत. रंगानं तांबूस, पुढचे दोन पाय पांढरे, एक कान कायमचा दुमडलेला. तिला नाव नव्हतं. शेजारच्या बायकांनी एकदा विचारलं, तर मामंजी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मी कुणालाच नावं ठेवत नाही." बायका हसल्या. ते हसले नाहीत.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते, लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सासूबाई माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी वारलेल्या. माझे यजमान जमीनमोजणी खात्यात होते. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत महिन्यातले वीस-वीस दिवस त्यांची फिरती असे. नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पुढे ओटा, मागे अंगण, आणि अंगणाच्या टोकाला घरातल्या तिन्ही बिऱ्हाडांचे वेगवेगळे टोपलीचे संडास. त्यांची दारं मागच्या गल्लीत उघडत. तिथून रोज सकाळी मेहतरीण यायची, टोपल्या उचलून न्यायची.

म्हणजे घरात बहुतेक वेळ मी आणि मामंजी, दोघंच. आमच्यात बोलणं ठरलेलं. पाणी काढलंय. पान वाढलंय. पत्र आलंय. ते वाईट नव्हते, कधी आवाज चढवला नाही त्यांनी. पण सुनेनं सासऱ्यांशी याहून जास्त काय बोलायचं असतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. कुत्रीशी मात्र ते बोलत. पहाटे नदीवर जाताना तिला बरोबर नेत आणि "अगं, सावकाश," "अगं, ती गाय आहे, तिला जाऊ दे," असं काहीबाही म्हणत. ते बोळातून वर येताना मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. सकाळी ओटा झाडायला बाहेर आले, तर कुत्री भिंतीला अंग लावून बसलेली आणि तिच्याजवळ घाण. ती ओट्यावर कधीच काही करायची नाही, इतकी शहाणी होती. वाकून पाहिलं तर घाणीत रक्त. लालभडक, चिकट, शेंबडासारखं. आत जाऊन दोन बादल्या पाणी आणलं, ओतलं, खराट्यानं घासून काढलं, वर शेण फिरवलं. मग कुत्रीकडे पाहिलं. ती पुन्हा उठून वाकली, कुंथली, आणि चमचाभर रक्त तेवढं पडलं.

मामंजी आतून आले. त्यांनी पाहिलं आणि ते दारातच थांबले. त्यांचा हात चौकटीवर होता, तो तसाच राहिला.

तोवर शेजारणी जमल्या. एक म्हणाली, कुणीतरी विष घातलं. दुसरी म्हणाली, एरंडेल पाजा वाटीभर, पोट साफ होईल. तिसरीनं हिंग-तूप सांगितलं. मी एरंडेलाची बाटली काढलीसुद्धा. पण मामंजी म्हणाले, "थांब. टांग्यांच्या अड्ड्यावर एक सलोत्री आहे. त्याला दाखवू."

सलोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. हे म्हातारे मुसलमान गृहस्थ देवळालीच्या कॅम्पात तोफखान्याच्या घोड्यांकडे पंचवीस-तीस वर्षं होते. तिथून मोकळे झाल्यावर टांगेवाल्यांचे घोडे बघायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. मामंजी स्वतः त्यांना आणायला गेले. अड्डा काही लांब नव्हता, पण परत आले तेव्हा त्यांना इतका दम लागला होता की ते ओट्यावर बसून राहिले आणि बराच वेळ त्यांना बोलता येईना. चढ आहे, वय झालंय, असं मी मनात म्हटलं आणि पाण्याचा तांब्या ठेवला.

चाचा उंच, वाकलेले, मेंदी लावलेली दाढी. अंगणातच उकिडवे बसले. कुत्रीला हात लावण्याआधी त्यांनी मला विचारलं, "कुठाय ते?"

"काय?"

"तिनं केलेलं."

"धुऊन टाकलं," मी म्हटलं. मला वाटलं, स्वच्छता केली म्हणून बरं म्हणतील.

"अरेरे. अर्धी गोष्ट धुऊन टाकली, बेटी."

पण कुत्रीला पुन्हा कळ आली आणि ती अंगणाच्या कोपऱ्यात वाकली. चाचा उठून तिथे गेले, एक काडी उचलली आणि खाली बसून ते नीट पाहू लागले. मामंजींनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं आणि तोंड फिरवलं. मीही फिरवलं.

"गुरुजी, तोंड फिरवू नका," चाचा न वळता म्हणाले. "जनावराला जबान नाही. त्याचं बोलणं हेच. इकडे या. बेटी, तू पण ये. घरात तूच असणार ना तिच्याजवळ?"

आम्ही गेलो. सासरा आणि सून, एका मुसलमान म्हाताऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहून कुत्रीची विष्ठा बघतो आहोत! माझे कान तापले होते.

चाचांनी काडीनं दाखवलं. "हे बघा. रक्त लाल आहे, ताजं. मळावरून आलंय, मळात मिसळलेलं नाही. बरोबर हा चिकटा. आणि हे काय?" काडीच्या टोकाला पांढुरका, टोकदार कपचा होता. "हाड. दसऱ्याला मागच्या आळीत बोकड कापले असतील. हिनं खाल्लं. हाडाचे तुकडे जाताना आतडं खरवडतात, अगदी खाली, दाराजवळ. तिथलं रक्त लालच दिसणार. त्याला बाहेर यायला फार वाट नाही."

मग त्यांनी तिचा वरचा ओठ उचलला. "हिरडी बघा. गुलाबी आहे. बोटानं दाबली की पांढरी होते, सोडली की लगेच रंग येतो. म्हणजे अंगात रक्त पुरेसं आहे. पांढरीफटक असती तर मी इथे बसलोच नसतो." मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच जागेवर गेली. "पाणीही आहे अंगात. उलटी केली का?"

"नाही," मामंजी म्हणाले.

"पाणी पिते?"

"पिते."

"मग हात जोडून सांगतो, एरंडेल देऊ नका. खरवडलेल्या जागेवर आणखी जुलाब कशाला? आजचा दिवस पोटाला सुट्टी. फक्त पाणी, थोडं थोडं. उद्यापासून मऊ भात, ताक घालून, त्यात भिजवलेला इसबगोल. हाड दिसलं की तोंडातून काढायचं. पाच दिवसांनी जंताचं बघू." ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि जाता जाता जे म्हणाले ते मी आजतागायत विसरलेले नाही.

"लाल बघून माणूस ओरडतो. पण मला भीती काळ्याची वाटते. काळं, डांबरासारखं, चकचकीत, घाण वासाचं. ते रक्तच असतं, पण वरचं, पोटातलं. एवढी आतडी ओलांडून खाली येईतो त्याचा रंग जातो. रक्त म्हणून कुणी ओळखत नाही. घोडा रोज थोडा थोडा सुकत जातो आणि मालक म्हणतो, वय झालं. काळं दिसलं तर मला त्याच घडीला बोलवा. दिवस-रात्र बघू नका."

मामंजी त्या वेळी माझ्या शेजारीच उभे होते. पुढे मी कितीदा आठवून पाहिलं, ते ऐकताना त्यांचा चेहरा कसा होता. पण मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघायची रीत नव्हती.

कुत्री दोन दिवसांत सावरली. तिसऱ्या दिवशी रक्ताची रेघ तेवढी दिसली, चौथ्या दिवशी तीही नाही. मी रोज सकाळी तिचा ओठ उचलून हिरडी दाबत असे, आणि रंग परत आला की मला उगाचच विजय मिळवल्यासारखं वाटे. पण कुत्री सगळं काही आमच्या डोळ्यांदेखत करायची नाही. मागच्या गल्लीतही जायची. तिथलं कोण बघणार? मग मी मेहतरणीला सांगायचं ठरवलं.

तिच्याशी मी तोवर कधी बोलले नव्हते. भाकरीचा तुकडा, सणाचं गोडधोड मागच्या दाराबाहेरच्या दगडावर ठेवायचं, ती उचलायची, एवढाच संबंध. चाळिशीची असेल, सडपातळ, पदर नेहमी नाकावरून बांधलेला. त्या सकाळी मी मागचं दार उघडून म्हटलं, "अगं बाई, आमच्या कुत्रीचं पोट बिघडलंय. गल्लीत तिनं केलेलं दिसलं तर बघशील का? लाल रक्त आहे का. किंवा काळं, डांबरासारखं चकचकीत."

तिनं पदर खाली केला. माझ्याकडे अशी पाहत राहिली की मी काही भलतंच बोलले की काय, असं मला वाटलं.

"बगन की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं दाराची कडी वाजवली. "वहिनी, कुत्रीचं बरं हाय. पिवळं झालंय. लाल न्हाई, काळं न्हाई."

"बरं झालं बाई," मी म्हटलं आणि दार लोटू लागले.

"वहिनी." ती तिथेच उभी होती. टोपली खाली ठेवली होती. "तुमी म्हनलात तसलं काळं... डांबरावानी... ते कुत्रीचं न्हाई. तुमच्या टोपलीत असतंया."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. घरात आम्ही दोघंच होतो, आणि ते माझं नव्हतं.

"कधीपासून?"

"लय दिस झालं. रोज न्हाई. चार दिस नीट, मग पुन्यांदा."

"मग तू सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला. ती मागे सरली.

"कुनी इचारलंच न्हाई, वहिनी. आमी रोज बगतोच की. समद्या गल्लीचं बगतो. कुनाला सांगाया गेलं तर मार खाऊ. तुमी कुत्रीचं इचारलं, म्हून बोलले."

ती टोपली उचलून पुढच्या बिऱ्हाडाच्या दाराकडे गेली. मी कडी लावली आणि तिथेच पायरीवर बसले.

मग एकेक गोष्ट समोर येऊ लागली. मामंजी हल्ली भाजी टाकायचे. आमटीत मिरची जास्त झाली, असं मला वाटायचं आणि मी कमी घालत गेले होते. दुपारी ते गार दूध मागत, कधी नव्हे ते. नदीवरून यायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागायचा. आणि त्यांच्या गुडघेदुखीच्या पुड्या. बाजारातल्या एका दुकानातून आणलेल्या त्या पुड्या ते दिवसातून दोन-तीन वेळा घेत. त्या दिवशी चहाचा पेला देताना मी पहिल्यांदाच त्यांच्या हाताकडे नीट पाहिलं. नखं कागदासारखी पांढरी. ओठही तसेच. आठ दिवस मी कुत्रीचा ओठ उचलून बघत होते आणि माझ्या हातून रोज चहा घेणाऱ्या माणसाकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

आता सांगायचं कुणाला? यजमान पेठच्या पलीकडे कुठेतरी डोंगरात. पत्र पोचायला चार-पाच दिवस, आणि पत्रात तरी काय लिहिणार? शेजारणींना सांगितलं असतं तर दुपारपर्यंत बोळभर झालं असतं. स्वतः मामंजींना विचारायचं म्हणजे... सुनेनं सासऱ्याला त्याच्या शौचाबद्दल विचारायचं! नुसत्या विचारानं अंगावर काटा आला. दिवसभर मी कामं केली. दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते, कुत्री पायाशी. मी दिवा लावून बाहेर आले. खूप वेळ खांबाशी उभी राहिले आणि मग म्हटलं, "मामंजी, कुत्रीचं आज काळं झालं. चाचा म्हणाले होते ना, तसं."

त्यांचा हात कुत्रीच्या पाठीवर होता.

"काळं म्हणजे वर पोटात कुठेतरी जखम असते. घाबरायचं नाही, पण लगेच दाखवायचं," मी घाईघाईनं म्हटलं. "बरं होतं म्हणे, वेळेवर दाखवलं तर."

"मुली," ते म्हणाले, अगदी हळू, "सकाळी नदीवर मी पाहिलं. तिचं पिवळं झालंय."

मला कुठे बघावं कळेना. खोटं बोलताना पकडलं गेल्यावर शाळेतल्या मुलाचं होतं तसं झालं. आणि ते जन्मभर मास्तरच होते.

"कुणी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

त्यांचं तोंड लाल झालं असतं, तेवढं रक्त त्यांच्यात असतं तर. "ती बाई?" एवढंच म्हणाले आणि मान खाली घातली. मला वाटलं, आता उठून आत जातील, दार लावून घेतील आणि आमच्यातलं होतं तेवढं बोलणंही बंद होईल. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, चाचा कुत्रीबद्दल विचारत होते त्याच सुरात, "किती दिवस झाले?"

बोळातून कोणीतरी कंदील घेऊन गेलं. तो पुढे जाईपर्यंत ते थांबले.

"गणपतीपासून," ते म्हणाले. "अधूनमधून."

"दुखतं?"

"जळतं. दूध घेतलं की थांबतं. मला काय माहीत ते रक्त असतं म्हणून? पित्त असेल म्हटलं. त्या दिवशी सलोत्री बोलला तेव्हा कळलं."

"मग त्या दिवशीच का नाही..."

"कुणाला सांगू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला?"

दिवसभर दारापर्यंत जाऊन परत येणारी मीही तीच होते.

सकाळी मी टांगा बोलावला आणि त्यांच्याबरोबर गेले. त्या काळात सून सासऱ्यांना डॉक्टरकडे घेऊन जाते, हे बघायला शेजारणी खिडकीत आल्या होत्या. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली, पोट दाबलं, लोखंडाचं औषध किंवा लोहभस्म वगैरे घेता का ते विचारलं, कारण त्यानंही काळं होतं म्हणाले. मामंजी घेत नव्हते. मग पुड्यांचा विषय निघाला. डॉक्टरांनी एक पुडी उघडून हुंगली, जिभेला लावली आणि आमच्यासमोर खिडकीबाहेर झटकली. पोटात व्रण आहे म्हणाले. सहा आठवडे अंथरुणात. दर दोन तासांनी दूध, मध्ये पांढरी पूड पाण्यातून. तिखट नाही, चहा नाही, गुडघ्याच्या पुड्या जन्मात नाहीत.

"वेळेवर आणलंत," ते म्हणाले. "हे सहसा घरात कुणाच्या लक्षात येत नाही. कुणी पाहिलं?"

मामंजी जरा थांबले आणि म्हणाले, "घरच्यांनी."

टांग्यात बसल्यावर ते घर येईपर्यंत काठीच्या मुठीवर अंगठा घासत राहिले.

ते सहा आठवडे माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, हे सांगायला विचित्र वाटतं. सुरुवातीला त्यांची प्रकृती बरीच नाजूक होती. मी दर दोन तासांनी दूध घेऊन जायची, आणि दूध पिऊन होईपर्यंत बसायचं म्हणून बसायची. सकाळी एकदा ते स्वतःच सांगत, "आज काळं नाही," किंवा "आज थोडं." पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून सांगितलं. पंधरा दिवसांनी वर्तमानपत्र वाचता वाचता, हवापाण्याची बातमी सांगावी तसं. कुत्रीला उंबऱ्याच्या आत यायची मनाई होती. पण तिनं पहिल्याच आठवड्यात ती मोडली आणि त्यांच्या खाटेखाली मुक्काम केला. तिला बाहेर काढा, असं ते म्हणाले नाहीत आणि मीही काढलं नाही.

एका दुपारी त्यांनी सासूबाईंची गोष्ट काढली. मी त्यांच्याबद्दल एवढंच ऐकून होते की अशक्तपणानं गेल्या.

"तिच्या अंगावरून रक्त जात होतं," ते म्हणाले. "वर्षभर. तिनं सांगितलं नाही. मला दिसत होतं, चेहरा उतरलाय, कपडे धुवायला पहाटे उठते, पायरी चढताना थांबते. सगळं दिसत होतं. बायकांचं काही असेल, आपण विचारणं बरं दिसत नाही, असं मी म्हटलं. शाळेत पोरांना मी दिवसाकाठी शंभर प्रश्न विचारायचो." त्यांनी दुधाचा पेला खाली ठेवला. "तिला एक विचारला नाही."

मी पदरानं पेला पुसत राहिले. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "तुझी तब्येत बरी असते ना, मुली?" आणि मी, जी माहेरीसुद्धा कधी बोलले नसते, त्यांना सांगितलं की दर महिन्याला दोन दिवस माझं पोट इतकं दुखतं की मी उभी राहू शकत नाही. ते दचकले नाहीत. मिशन दवाखान्यात एक बाई डॉक्टर आहे म्हणाले, ह्याला फिरतीवरून येऊ दे, पाठवतो.

यजमान आले तेव्हा त्यांना जेवायला वाढलं होतं. मामंजींनी खाटेवरूनच सगळी हकीगत सांगायला सुरुवात केली, हाडापासून डांबरापर्यंत. यजमानांनी हातातला घास ताटात ठेवला.

"बाबा, जेवताना?"

"मग कधी?" मामंजी म्हणाले. "तू महिन्यातले दहा दिवस घरी असतोस."

मला हसू आवरेना, आणि मामंजीही हसले. त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दिवाळी त्या अंथरुणातच गेली. पुढे हिंडायची मोकळीक मिळाली तेव्हा पहिल्या सकाळी नदीवर जायच्याऐवजी ते काठी टेकत मागच्या अंगणात आले. मेहतरीण यायची वेळ होती. मी चुलीपाशी होते. कडी काढल्याचा आवाज आला म्हणून डोकावले. ते दारात उभे होते आणि ती गल्लीत, टोपलीसकट भिंतीला चिकटून, काही चुकलं की काय अशा चेहऱ्यानं.

"बाई," मामंजी म्हणाले, "डॉक्टरांनी विचारलं, कुणी पाहिलं. मी तुमचं नाव सांगितलं नाही. मला लाज वाटली. तुम्ही पाहिलंत म्हणून मी उभा आहे."

त्यांनी तिला 'तुम्ही' म्हटलं. मी ते त्या गल्लीत आधीही ऐकलं नव्हतं आणि नंतरही फार ऐकलं नाही. तिनं पदर तोंडावर घेतला. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मामंजी परत फिरले आणि तांब्याभर पाण्यानं पाय धुऊन आत आले. इतक्या वर्षांची सवय, ती पायांतून गेली नव्हती.

ते त्यानंतर सहा वर्षं जगले, आणि गेले ते तापानं, पोटानं नाही. कुत्री त्यांच्याआधी गेली, म्हातारी होऊन, उन्हात झोपल्या झोपल्या.

मी स्वतः त्या वेळी काय केलं, तेही सांगायला हवं. मामंजी मागच्या दारी गेले त्याच दिवशी, ती काम उरकून गल्लीतून परत निघाली तेव्हा, मी दिवाळीचं राहिलेलं लुगडं मेहतरणीला दिलं, नवं कोरं, हिरवं. दिलं म्हणजे दाराबाहेरच्या दगडावर ठेवलं आणि मागे सरले. तिनं ते उचललं. मामंजी दोन तासांपूर्वी तिच्याशी बोलले ते मी पाहिलं होतं, तरी माझा हात दगडाकडेच गेला. हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. पुढच्या दिवाळीला मी लुगडं हातात धरून उभी राहिले. तिनं ते घ्यायच्या आधी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं, आणि मगच हात पुढे केला.